नीरा नरसिंहपूर : स्तंभकथा आणि वालुकामूर्ती

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा व भीमा यांच्या संगमावर नीरा नरसिंहपूर हे क्षेत्र वसले आहे. येथील लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकात पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी केली. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे हे कुलदैवत होय. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र वास्तूइतकीच महत्त्वाची आहे ती या क्षेत्राची स्थलकथा.

भागवताच्या सातव्या स्कंधातील नृसिंहकथा सर्वपरिचित आहे. हिरण्यकशिपूने स्तंभावर प्रहार करताच नृसिंह प्रकट होतो. तेथे देवाला कोणी घडवीत नाही. तो स्वयमेव अवतरतो. नरसिंहपूरची कथा वेगळी आहे. प्रल्हादाने या संगमावर वाळूची नृसिंहमूर्ती करून तिची आराधना केली, आणि तीच मूर्ती येथे पूजिली जाते, अशी श्रद्धा आहे. एका कथेत देव भक्तासाठी प्रकटतो, तर दुसरीत भक्त देवाला आकार देतो.

अशा स्थलकथांना मूळ पुराणकथेचा अपभ्रंश मानण्याची प्रवृत्ती अभ्यासात आढळते. प्रस्तुत कथेच्या बाबतीत ती टिकत नाही. भागवताच्याच अकराव्या स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले असून, त्यांत ‘सैकती’ म्हणजे वालुकामय प्रतिमेची गणना आहे. याच स्कंधावर एकनाथांनी मराठी टीका रचली व ती १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केली. म्हणजे वाळूच्या मूर्तीची कल्पना ग्रंथपरंपरेला परकी नाही. लोकाचारातही ती रूढ आहे. हरतालिकेच्या दिवशी स्त्रिया वाळूचे शिवलिंग करून पूजितात आणि नंतर त्याचे विसर्जन करतात. तेथे मूर्तीचे क्षणिकत्व विधीचाच भाग असते. नरसिंहपूरच्या कथेत तीच विस्कटणारी वाळू भक्तीच्या बळावर स्थिर होते.

स्थलकथा आणि भागवत यांना जोडणारा आणखी एक दुवा सातव्या स्कंधाच्या नवव्या अध्यायात आहे. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही नृसिंहाचा कोप शमत नाही. देवांनी पाठविलेली लक्ष्मीही त्याच्यासमीप जाण्यास धजत नाही. अखेर बालक प्रल्हाद पुढे होतो, आणि त्याच्या स्तुतीने देव प्रसन्न होतो. उग्र दैवताला उपास्य करण्याचे कार्य भागवतात प्रल्हादाच्या वाणीने होते. नरसिंहपुरात ते त्याच्या हातांनी होते. स्थलकथा पुराणकथेला छेद देत नाही, तर तिचा उत्तरार्ध दृश्य रूपात मांडते.

उपासनेत या दोन्ही कथा एकत्र येतात. वैशाख शुद्ध चतुर्दशी हा नृसिंहजयंतीचा दिवस; अनेक कुळांत षष्ठीपासून नृसिंहाचे नवरात्र बसते. जन्मोत्सव सूर्यास्ताच्या वेळी होतो, कारण हिरण्यकशिपूला दिवसा वा रात्री मृत्यू नव्हता. अशा प्रकारे स्तंभकथेतील संधिकाल दरवर्षी वालुकामूर्तीसमोर साजरा होतो.

या परिसराचे वाङ्मयीन महत्त्वही ध्यानात घ्यावयास हवे. नीरेला मिळणाऱ्या कऱ्हेच्या काठी, बारामतीत, मोरोपंतांचे (१७२९–१७९४) दीर्घ वास्तव्य होते. आषाढी वारीत तुकाराममहाराजांची पालखी बारामती व इंदापूर तालुक्यांतून जाते आणि सराटी येथे पादुकांना नीरास्नान घडते. तेच पाणी पुढे नरसिंहपुरी भीमेला मिळून पंढरपुराकडे वाहते. पंडिती आख्यान, वारकरी भक्ती आणि कुलाचार या तीन परंपरा एकाच नदीखोऱ्यात नांदल्या आहेत.

म्हणूनच मराठीतील प्रल्हादविषयक आख्याने अभ्यासताना केवळ संस्कृत मूळाशी तुलना पुरेशी ठरत नाही. ज्या श्रोत्यांना स्तंभातून प्रकटलेला देव ठाऊक होता, त्यांच्यातील अनेकांना आपल्या कुलदैवताच्या रूपाने वाळूतून घडलेला देवही ठाऊक होता. आख्यानाचे ग्रहण या दुहेरी स्मृतीच्या आधारे झाले असणार, ही शक्यता अभ्यासकाने गृहीत धरणे आवश्यक आहे.