बीन वाजली, पण वाजवणारा कोण?

वरातीत बँडवाल्यांनी ‘नागिन’ची धून धरली की कुणाचेही पाय जागेवर राहत नाहीत. एक जण रुमालाची बीन करून तोंडात धरतो, दुसरा फणा काढून रस्त्यावर लोळतो. ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट १९५४ सालचा आणि संगीत हेमंतकुमार यांचे. पण वाचकहो, त्यात घुमणारी ती बीन गारुड्याची नव्हतीच! ती क्लॅव्हायोलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढलेली होती. ते वाजवणारे तरुण वादक होते कल्याणजी वीरजी शाह, आणि सोबत हार्मोनियमवर होते रवी. पुढे हे दोघेही नामवंत संगीतकार झाले, म्हणून त्यांची नावे आज आपल्याला सांगता येतात. जे शेवटपर्यंत वादकच राहिले, त्यांचे काय?

विजेतून सूर

क्लॅव्हायोलिन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केले. त्यात ना तार, ना भाता. आतल्या विद्युत मंडलात कंपने तयार होतात, दाबलेल्या पट्टीप्रमाणे त्यांचा वेग बदलतो आणि स्पीकरमधून सूर बाहेर पडतो. एका वेळी एकच सूर निघतो. बिनीचा सूरही असाच अखंड, हलता असतो. म्हणून ही युक्ती साधली.

१९७० च्या दशकात मुंबईचे वादक केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथेसायझर हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणला. त्यांचे वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी लॉर्ड हेही चित्रपटसृष्टीतले वादकच. तिघांनी मिळून हजारो गाण्यांना हात लावला. तरीही २०१२ साली त्यांच्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट निघाला, तोवर सामान्य श्रोत्यांच्या कानी त्यांचे नाव फारसे पडलेले नव्हते. केरसी लॉर्ड २०१६ साली गेले.

संकलन आले, नावे गेली

तोवर कल्याणजी हे बंधू आनंदजींसह मोठे संगीतकार झाले होते. १९७० च्या दशकातल्या हाणामारीच्या चित्रपटांना त्यांनी दिलेले पार्श्वसंगीत अमेरिकेतल्या एका कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोळा केले. डॅन द ऑटोमेटर नावाच्या निर्मात्याने त्याला नवे ठेके जोडले आणि ‘बॉम्बे द हार्ड वे’ हा अल्बम निघाला. मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेले पार्श्वसंगीत परदेशातल्या तरुणांनी कौतुकाने ऐकले. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण त्यातल्या तुकड्यांना दिलेली नावे पाहा. एकाचे नाव ‘द गुड, द बॅड अँड द चटणी’, तर दुसऱ्याचे ‘फिस्ट्स ऑफ करी’, म्हणजे रश्श्याचे ठोसे! ‘डॉन’च्या धूनला तिच्या चित्रपटाचे नाव राहिले, पण अशा थट्टेच्या नावांवरून मूळ चित्रपट कोणता हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? आणि चित्रपटच कळला नाही, तर त्यात कोणी काय वाजवले याचा शोध घ्यायचा कुठून?

पुढे २००५ साली ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकन गटाने ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील कल्याणजी-आनंदजींच्या दोन चाली एका गाण्यात वापरल्या. त्या गाण्याला २००६ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. चाल कोणाची हे निदान जगाला कळले. पण ती ज्यांच्या बोटांतून उमटली, त्या वादकांची नावे कितीजणांना ठाऊक आहेत?

कळमन्याचा हिशेब

आपल्या कळमन्याच्या बाजारात हे रोजच दिसते. संत्री येतात शेतकऱ्याची, चढवतो-उतरवतो हमाल. पण माल पुढे परगावी निघतो तो व्यापाऱ्याच्या नावाने. फळ गोड निघाले तर नाव बाजाराचे होते. संगीताच्या बाजारातही तोच हिशेब. पडद्यावर नाव संगीतकाराचे, मुखपृष्ठावर नाव कंपनीचे किंवा नव्या ठेक्याचे. वादकाला दिवसाची मजुरी मिळाली, विषय संपला!

त्यात आणखी एक दुखणे आहे. १९८० नंतर एकेका सिंथेसायझरने अनेक वाद्यांची जागा घ्यायला सुरुवात केली आणि मोठमोठे वाद्यवृंद ओसरत गेले. व्हायोलिन, सनई वाजवून पोट भरणाऱ्यांचे काम कमी झाले. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही, कारण ते यंत्र वाजवणाराही कष्टकरीच होता. पण ज्यांचे काम गेले त्यांची नावेही जावीत, हा दुहेरी अन्याय आहे.

जुन्या धूनांचे संकलन व्हायलाच हवे, नाहीतर त्या फिती बुरशीने जातील. मात्र संकलन म्हणजे नुसती धूनांची मोळी नव्हे. धून कोणत्या चित्रपटातली, कोणत्या सालची आणि कोणते वाद्य कोणी वाजवले, एवढी नोंद सोबत हवी.

घरातूनही हे काम सुरू करता येईल. आपल्या वस्तीतही गाण्याच्या पार्टीत कीबोर्ड, ढोलक, बेंजो वाजवणारे आहेत. घरात त्यांच्या कार्यक्रमाची एखादी जुनी कॅसेट असेल, तर मुलांना जवळ बसवा, वडीलधाऱ्यांना विचारा आणि वाजवणाऱ्यांची नावे आतल्या कागदावर लिहून ठेवा. आज सांगणारे माणूस घरात आहे. उद्या फक्त आवाज उरेल.