अंगणांतील खार, हिरवळ आणि मृगाची भाजी

वैशाख सरत आला कीं लोणारच्या अंगणांतून एकच दृश्य दिसूं लागतें. पावसाळ्यांत मखमलीसारखी पसरलेली हरळी पिवळी पडते, काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जेथें रोज सायंकाळीं नळी धरून पाणी घातलें, नेमक्या त्याच खोलगट जागीं पांढरट पापुद्रा धरलेला आढळतो. घरधनी म्हणतो, ‘पाणी कमी पडलें.’ खरें पाहतां पाणी कमी पडलेलें नसतें. घातलेलें पाणी खालीं निघून गेलेलें नसतें, हें त्याचें कारण होय.

हें कोडें उलगडण्यास लोणारकरास दूर जावयास नको. गांवाच्या कडेलाच, उल्केच्या आघातानें काळ्या बसाल्टी खडकांत पडलेलें सुमारें १,८०० मीटर रुंद आणि दीडशें मीटर खोल असें विवर आहे. त्याच्या कांठावरील धारेचें पाणी गोड. तळाच्या सरोवराचें मात्र खारट आणि सोडायुक्त. सरोवरांत पाणी येण्यास वाटा आहेत, बाहेर पडण्यास एकहि नाहीं. पाणी वाफ होऊन जातें आणि त्यांतील सोडा व मीठ मागें राहतें. सोळाव्या शतकांतील ‘ऐन-ए-अकबरी’ ग्रंथांत या प्रदेशीं काच व साबण करण्याचें साहित्य मिळतें असा उल्लेख आहे, तो याच खारामुळें. जून २०२० मध्यें पाणी आटून खारेपणा वाढला, तेव्हां खारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगानें सारें सरोवर गुलाबी दिसूं लागलें.

अंगणांतील खोलगट जागा म्हणजे त्याच सरोवराचें बाळरूप. कूपनलिकेच्या पाण्यांत थोडे का होईना, क्षार असतातच. उन्हाळ्यांत रोज थोडथोडें पाणी शिंपडलें कीं तें मुळांखालीं उतरत नाहीं. वरच्यावर उडून जातें आणि क्षार ठेवून जातें. याकरितां पाणी घालावें तें आठवड्यांतून एकदोनदां, पण वीतभर खोल मुरेल असें. धुण्याचें पाणी हिरवळीवर सोडण्याची काटकसर तर अगदींच टाळावी. धुण्याचा सोडा आणि सरोवरांतील सोडा हे सख्खे भाऊ आहेत.

हिरवळ सुधारण्याचें काम मे महिन्याच्या अखेरीस हातीं घ्यावें. प्रथम लव्हाळा गांठींसह खणून काढावा. नुसता वरून उपटल्यास तो दुणावतो. हरळी दोन इंचांवर कापून, वीत वीत अंतरावर पहारीनें चारपांच इंच खोल भोकें पाडावींत आणि चाळलेलें कुजकें शेणखत अर्धा इंच जाडीनें पसरून झाडूनें त्या भोकांत लोटावें. खळगे मातीनें भरून अंगणास किंचित् उतार द्यावा. काळ्या मातींत घमेलेंभर वाळू मिसळल्यानें ती भुसभुशीत होते, ही समजूत खोटी आहे. तें काम खतच करतें.

पांढरा पापुद्रा असेल तेथील माती तपासून घ्यावी. सामू साडेआठांहून अधिक निघाला आणि सोडियमहि वाढलेलें असलें, तर तपासणींत सांगितलेल्या प्रमाणांत जिप्सम घालावें. त्यांतील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावून लावतें; परंतु हुसकावलेलें सोडियम पाण्याबरोबर खालीं गेलें नाहीं, तर सारा खर्च व्यर्थ. पावसानें जमीन भिजून वाफसा आला म्हणजे दोनतीन पेऱ्यांचे हरळीचे तुकडे तीन तीन इंचांवर रोवून पायानें दाबावे. पुढें कापतांना एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक उंची कापूं नये.

सगळें अंगण हिरवळीसच द्यावें असेंहि नाहीं. उन्हाची एक कड भाजीला दिली, तर श्रावणांत घरची भेंडी पानांत पडते. काळी जमीन पावसांत चिकट होऊन मुळें गुदमरतात, म्हणून तीन फूट रुंद व सहा ते नऊ इंच उंच गादीवाफे करावे. वांगीं, टोमॅटो व मिरची यांचें बीं मेच्या उत्तरार्धांत सावलींत टाकावें. चारपांच आठवड्यांत रोपें तयार होतात, मिरचीला थोडा अधिक वेळ लागतो. भेंडीचें बीं रात्रभर भिजवून फूटभर अंतरावर दोन दोन टोकावें. कारलीं व दोडकीं कुंपणाच्या मांडवावर चढवावींत. ज्या वाफ्यांत थोडा खार आहे, तेथें गवार किंवा पालक लावावा. घेवड्यास खार फारच थोडा सोसतो.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतें खरें, पण पहिली सर म्हणजे पावसाळा नव्हे. त्या सरीवर सारें बीं टाकून पुढें उघाड पडली, तर कोंब करपतात. शहाणा गृहस्थ निम्में बीं हातीं राखून ठेवतो.

आतां शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अंगणाला निचरा हवा. सरोवराला निचरा नाहीं. ज्या गल्लीचा उतार विवराकडे आहे, तेथील पहिल्या जोराच्या पावसांत अंगणांतील मूठभर युरिया आणि फवारलेलें कीटकनाशक कोठें जाणार, हें सांगावयास नको. तें तेथून पुढें कोठेंच जाणार नाहीं; सांचत राहील. २००० सालीं अभयारण्य ठरलेलें आणि २०२० सालीं रामसर यादींत आलेलें हें सरोवर राखणें केवळ सरकारचें काम समजूं नये. कुजकें खत, निंबोळीचा अर्क आणि हातानें वेंचलेल्या अळ्या एवढ्यावर घरची भाजी उत्तम होते. हिरवळ थोडी कमी हिरवी दिसली, तरी चालेल. पाहुण्याला अंगण दाखवून झाल्यावर त्याच कांठावर उभें राहून सरोवरहि निःसंकोचपणें दाखवितां आलें पाहिजे.