चालता चालता रियाज!

शनिवारी गाण्याचा क्लास, रविवारी थोडाफार रियाज... आणि सोमवार ते शुक्रवार? तंबोऱ्याचं ॲप फोनमध्ये गाढ झोपलेलं! नोकरी सांभाळून गाणं किंवा तबला शिकणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं, 'रियाजाला वेळच मिळत नाही यार!' मग चौथ्या-पाचव्या महिन्यात क्लास सुटतो. हौस असते, गळा असतो, गुरुजीही चांगले असतात. वेळ तेवढा नसतो.

गेली तीन वर्षं मीही याच रांगेत उभी आहे. पण माझा क्लास अजून सुटलेला नाही, कारण रियाजाचा एक हिस्सा मी दिवसभरात पसरून टाकलाय. जिन्यात, रेल्वेच्या पुलावर, कम्प्युटरसमोर. हा फंडा माझा नाही, शंभर वर्षांहून जुना आहे.

लय असते पायात

एमिल जाक-डालक्रोझ १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत होते. विद्यार्थी हुशार, पण लय अंगात मुरलेली नाही. गंमत म्हणजे वाजवताना लय सोडणारा विद्यार्थी रस्त्यावरून मात्र मस्त लयीत चालायचा! म्हणजे लय शरीरात होतीच, ती वाद्यापर्यंत पोचत नव्हती. मग डालक्रोझनी वर्गातच विद्यार्थ्यांना संगीताबरोबर चालायला लावलं. त्यातून उभी राहिलेली 'युरिदमिक्स' ही पद्धत आजही शिकवली जाते.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हातावर टाळी-खाली देत ठेका म्हणणं आपण पहिल्याच वर्षी शिकतो. सवाई गंधर्व महोत्सवात मांडीवर ताल धरून बसलेले आजी-आजोबा बघा, समेवर त्यांची मान बरोबर हलते.

तोच ताल आता पायात आणायचा. तीनतालाच्या १६ मात्रा, १६ पावलं. उजव्या पायाने सुरुवात केली की सम दर वेळी उजव्यावरच येते. सोप्पं! आता रूपक घ्या. मात्रा ७, त्यामुळे पहिलं आवर्तन उजव्या पायावर सुरू झालं, तर दुसरं डाव्यावर. डोकं जाम गरगरतं! झपताल तर भन्नाटच. त्याचे विभाग २-३-२-३. सम उजव्या पायावर, पण सहाव्या मात्रेवरची खाली डाव्यावर. वहीत लिहून घेतलेला झपताल मला खरा कळला तो या पुलावर.

मान, खांदे आणि मेल

दुसरी गोष्ट आहे शरीराकडे लक्ष देण्याची. १८६९ साली टास्मानियात जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर रंगमंचावर काव्यवाचन करायचे. कार्यक्रमात आवाज बसायचा. विश्रांती घेतली की बरा व्हायचा, स्टेजवर गेलं की पुन्हा तेच. शेवटी ते आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःला न्याहाळू लागले. तेव्हा दिसलं, की बोलायला लागताच डोकं मागे खेचलं जातंय, गळा दाबला जातोय आणि श्वास तोंडाने ओढला जातोय. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. त्यांचं 'अलेक्झांडर टेक्निक' आज तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आणि न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्येही शिकवलं जातं.

आपला आरसा म्हणजे ऑफिस! माझा एक मित्र आयटीत आहे, तबला शिकतो. माउस धरला की त्याचा उजवा खांदा वर चढतो. द्रुत लयीत कायदा वाजवतानाही तोच खांदा वर. नऊ तास ऑफिसात घोटलेली सवय एका तासाच्या रियाजात कशी जाणार? आता तो माउसला हात लावण्याआधी खांदा सैल सोडतो. तबल्यावर बसण्याआधीही तेच करतो.

करून बघा

• जिना चढताना दादऱ्याच्या ६ मात्रा मनात म्हणा. लय वाढू द्यायची नाही.
• मेल 'सेंड' करण्याआधी तपासा, श्वास रोखलाय का? जबडा आवळलाय का? सोडा.
• फोन डोळ्यांसमोर आणा, मान फोनपर्यंत नेऊ नका.
• रांगेत उभं असताना वजन दोन्ही पायांवर सारखं घ्या.
• रस्ता ओलांडताना मात्र फक्त रस्ताच ओलांडा!

आणि हो, हात किंवा मान सतत दुखत असेल, तर टिप्स पुरे, डॉक्टरांकडे जा.

यातून सूर लागणार नाही, हेही सांगते. त्यासाठी तंबोऱ्यासमोर बसावंच लागतं. पण मंगळवारी सकाळी जेमतेम वीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा मात्रा मोजण्यात आणि आखडलेली मान सोडवण्यात गेली, तर हातात उरतं काय? ते काम येता-जाता उरकलेलं असलं, की वीसच्या वीस मिनिटं सुरासाठी मोकळी. तेवढी मिळाली ना, की क्लास सुटत नाही!