एफ फॉर्ममधला एक रकाना

‘सोनोग्राफीपेक्षा एफ फॉर्मलाच जास्त वेळ जातो,’ एका रेडिओलॉजिस्टनं वैतागून सांगितलं, म्हणून गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी कायद्यानं भरावा लागणारा तो फॉर्म भरतानाच बघायला बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी गेले.

तपासणीच्या खोलीबाहेर टेबलाशी सिस्टर बसतात. मागं कायद्यानं सक्तीची पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, कितवा महिना, कोणी पाठवलं, हे भराभर उरकतं. मग मुलगे किती, मुली किती, वयं काय. एका तरुण बाईनं आधी सासूकडं पाहिलं. ‘दोन पोरी हायेत.’ सिस्टरांनी विचारलं, ‘नावं काय गं त्यांची?’ फॉर्मात मुलींच्या नावांसाठी जागा नाही. तरी विचारलं, आणि नावं सांगताना ती बाई मोकळी हसली. तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

‘आठशे सात,’ सिस्टर मला म्हणाल्या. 2011च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 807, राज्यात सर्वांत कमी. 2001 मध्ये त्या 894 होत्या.

डॉक्टरांची भीतीही खरी आहे. रकाना कोरा राहिला तरी कायद्यानं गुन्हा. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही अट सैल करायला नकार दिला. पण 807 ऐकल्यावर मला तो फॉर्म जाच वाटत नाही. यंत्र कोणाच्या हातात कशासाठी फिरलं, याचा कागद मागं उरायलाच हवा.

बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, या निवेदनावर त्या तरुण बाईनं सही केली. आत अंधार, पोटावर गार जेल. विसावा आठवडा. डोक्याचा घेर, मणके, मांडीचं हाड झटपट झालं. हृदयाचे चार कप्पे मात्र दिसेनात; बाळ पाठ फिरवून होतं. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, थोडं चालून यायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. चारही दिसले. घाई अजिबात केली नाही, हे मला फार आवडलं. मग ते म्हणाले, ‘वार खाली आहे. बहुतेक वर सरकेल, पण जड उचलायचं नाही. रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. बत्तिसाव्या आठवड्यात परत दाखवा.’

‘दिवाळीनंतर कोयत्यावर जायचंय,’ सासू म्हणाली.

ऊसतोडीच्या फडात जड न उचलता कसं राहायचं, याचं उत्तर सोनोग्राफीच्या खोलीत नाही. सिस्टरांनी कार्डावर बत्तिसाव्या आठवड्याची तारीख लिहिली, जवळचा दवाखाना कोणता ते विचारलं आणि मुकादमाचा फोन नंबर मागून घेतला.