न निवडलेला सिनेमा

रोममधल्या एका बेकार माणसाला भिंतींवर पोस्टरं चिकटवण्याची नोकरी मिळते; पण नोकरीला सायकल हवी आणि त्याची सायकल तर गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते. त्या गहाण टाकून सायकल सोडवली जाते. मग पेढीतला नोकर ते चादरींचं गाठोडं घेऊन फडताळावर चढू लागतो. तो वर वर जातो, तसतशी आपल्याला दिसत जातात छतापर्यंत रचलेली तशीच गाठोडी. एका शहरातल्या किती घरांचे पलंग उघडे पडलेत, हे सांगायला तिथे एकही वाक्य लागत नाही. व्हित्तोरियो डी सिका यांचा १९४८चा हा ‘बायसिकल थीव्ह्ज’ भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झालेला तो महोत्सव पुढे मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेला. बिमल रॉय यांनी तो सिनेमा तिथे पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. ६५ रुपयांचं कर्ज सावकारी हिशेबात २३५वर गेलेला शंभू मुलाला घेऊन कलकत्त्यात येतो आणि रिक्षा ओढू लागतो. ही नक्कल नव्हे. बाप, लेक आणि निर्दय शहर एवढं इटलीकडून घेऊन रॉय यांनी त्यात आपल्या शेतकऱ्याचं दुःख भरलं. १९५४मध्ये कान महोत्सवाने त्या सिनेमाचा गौरव केला.

जागतिक सिनेमाच्या महोत्सवाला का जावं, याचं माझ्या मते या घटनेतच उत्तर आहे. आपण स्वतःहून निवडला नसता, असा सिनेमा तिथे समोर येतो. एरवी आपण ओळखीचा नट, ओळखीची भाषा, मित्राने केलेली शिफारस बघून तिकीट काढतो. महोत्सवात दुसऱ्या कुणीतरी विचारपूर्वक निवड केलेली असते. हातात वेळापत्रक असतं, पाच पडद्यांवर पाच देश असतात, हव्या त्या शोची रांग भरून गेलेली असते आणि म्हणून माणूस शेजारच्या पडद्यावरच्या, नावही नीट उच्चारता न येणाऱ्या सिनेमाला जाऊन बसतो. हे बसणं मला मोलाचं वाटतं.

आता घरबसल्या मोबाइलवर सगळं जग दिसत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. एके काळी महोत्सवाखेरीज कुठेच न दिसणारे कितीतरी सिनेमे आज दोन बटणांवर मिळतात. पण ती यंत्रणा आपण काल काय पाहिलं, यावरून आज काय दाखवायचं ते ठरवते. आवडीच्या वर्तुळातून बाहेर काढणं हे तिचं काम नाही. दुसरं असं की घरी दहाव्या मिनिटाला कंटाळा आला की बोट पुढे सरकतं. सभागृहात तेच दहावं मिनिट ओलांडावं लागतं आणि संथ सिनेमाची लय बऱ्याचदा त्यानंतरच कळू लागते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आठवा. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटावं इतका वेळ तो काळा राहतो. आणि मग न्यायाधीश सहलीला निघालेले दिसतात. एका लोकशाहिराचं आयुष्य ज्याच्या हातात होतं, तो माणूस सुट्टीत कसा असतो, हे त्या अंधारानंतरच कळतं. जो प्रेक्षक अंधार होताच उठला, त्याने निम्मा अर्थ खुर्चीवर सोडला. २०१४मध्ये व्हेनिसला या सिनेमाने ओरिझोंती विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळवलं. पण इथे आपल्या गावात त्याच्यासाठी थांबणारा प्रेक्षक कुठून येणार? तो घडवावा लागतो. सिनेमा पाहण्याची ही सबुरी सवयीने येते.

महोत्सवातले सगळे सिनेमे चांगले असतात, असं मात्र कुणी समजू नये. काही नुसतेच दुर्बोध असतात, काही परीक्षकांना काय रुचेल याचा अदमास घेऊन बेतलेले असतात. पाचातले दोन वाया जाणार, हे धरूनच पास काढावा. उरलेल्या तिनांसाठी ती किंमत मला जास्त वाटत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: हे सगळं रजा आणि पैसा असलेल्या शहरी माणसांपुरतं उरतं. हे बरंचसं खरं आहे. सत्यजित राय यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ महोत्सवाची वाट न पाहता १९५०मध्ये लंडनमध्येच पाहिला होता. पण लंडन किती जणांच्या वाट्याला येतं? जगाचा सिनेमा आपल्या दारात आणणं, हे तर महोत्सवाचं मूळ कामच. भारताचा तो महोत्सव २००४पासून पणजीत स्थिरावला; पुण्याचा ‘पिफ’, मुंबईचा ‘मामि’ आहेच, आणि कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरलाही महोत्सव भरतात. १९६८मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी वर्षभर पडदा उभा ठेवण्याचं काम केलं, तेही कमी पैशांत. आता तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या सभागृहात, मराठी सबटायटल्ससह चार सिनेमे दाखवायला हवेत. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून इराणी किंवा कोरियन सिनेमाला मुकावं लागणं, यासारखा अन्याय नाही.

उलट दिशेनेही पाहावं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ दाखवला गेला आणि जागतिक सिनेमाच्या कथापट विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा तिथला बालमित्र बाळ्या यांची ती गोष्ट. त्या अंधारात परकी भाषा आपली होती. सुतक म्हणजे काय, हे ठाऊक नसलेली माणसं खालच्या ओळी वाचत दोन तास मराठी ऐकत बसली होती, आणि आत शिरताना त्यांच्यापुढे नाव होतं ते ‘कॅक्टस पेअर्स’.