बंद बाग, तरणतलाव व तालीम पुन्हा उघडताना
कामगारांच्या सुरक्षिततेची आखणी

पावसाळ्याच्या तोंडी कित्येक आठवडे कुलूपबंद राहिलेल्या सार्वजनिक बागेत पहिले पाऊल टाकतो तो माळी. लोकांसाठी फाटक उघडावयाचे त्याच्या आठ-दहा दिवस आधी त्याला आत जावे लागते. गवत गुडघ्याएवढे माजलेले असते, पायवाटांच्या कडेला गाजरगवताने ठाण मांडलेले असते, कारंज्याच्या हौदात पाणी हिरवे पडलेले असते आणि झोपाळ्यांच्या साखळ्या गंजलेल्या असतात. २०२० साली करोनाच्या महासाथीत राज्यातील असंख्य बागा, क्रीडांगणे, व्यायामशाळा व तरणतलाव यांची अशीच अवस्था झाली होती. त्यांच्या पुनश्च उघडण्याविषयी जे नियम निघाले, त्यांत येणाऱ्या लोकांची काळजी पुष्कळ होती. तेथे दिवसभर राबणारा माळी, पंपचालक, झाडूवाला, जीवरक्षक व पहारेकरी यांची आखणी मात्र अनेक ठिकाणी आयत्या वेळी करावी लागली. अशी पाळी पुन्हा केव्हाही येऊ शकते. ग्रामपंचायती व नगरपालिका यांनी त्या अनुभवातून काय घ्यावे, याचा येथे विचार केला आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. मार्च २०२० च्या मध्यास मोठ्या शहरांतील व्यायामशाळा, नाट्यगृहे व तरणतलाव बंद झाले, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. महाराष्ट्रात ३ जूनपासून बागा, मैदाने व समुद्रकिनारे येथे पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळात चालणे, धावणे व सायकल फिरविणे यांस मोकळीक मिळाली. व्यायामशाळा दसऱ्याच्या दिवशी, २५ ऑक्टोबर रोजी उघडल्या, तर तरणतलाव ५ नोव्हेंबरपासून केवळ राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंच्या सरावापुरते खुले झाले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने हे सारे पुन्हा बंद पाडले. म्हणजे उघडणे आणि बंद करणे ही कामे एकाच वर्षात दोनदा करावी लागली.

रोगाआधीची संकटे

उघडण्याची आखणी म्हटली की मुखपट्टी व हात धुण्याची सोय यांकडेच प्रथम लक्ष जाते. परंतु माळ्याला पहिल्या दिवशी भिवविणारी गोष्ट विषाणू नसून फुरसे असते. वाढलेले गवत, पालापाचोळ्याचे ढीग, उलथून ठेवलेल्या कुंड्या व पंपघराचा अंधारा कोपरा ही सापांची आवडती ठिकाणे होत. शेतकऱ्याला हे सांगावयास नको. तथापि शहरी बागेतला रोजंदारीवरचा मजूर पुष्कळदा अनवाणी व उघड्या हातांनी कामास लागतो. त्याला गमबूट, जाड हातमोजे व लांब काठी मिळाल्यावाचून गवतास हात लावू देऊ नये. सर्पविषावरील लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी कामापूर्वी करावी व ते नाव पंपघराच्या दारावर लिहून ठेवावे. झाडांवर आग्या मोहोळ अथवा गांधीलमाशीचे पोळे आहे काय हेही पाहावे. गवत कापण्याच्या यंत्राच्या आवाजाने मोहोळ उठल्यास माणसाला पळावयास वाट उरत नाही.

गाजरगवताची गोष्ट निराळी. १९५५ साली पुण्यात आढळलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात व परागांमुळे दमा बळावतो. ज्या दिवसांत खोकला व धाप ही लक्षणे दिसताच माणसाला गावाबाहेर बसविले जाई, त्या दिवसांत गाजरगवत उपटणाऱ्या मजुराच्या खोकल्याचा भलताच अर्थ लावला जाण्याचा संभव होता. सबब हे गवत फुलावर येण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे व मुखपट्टी वापरून मुळासकट काढावे.

साचलेल्या पाण्याचेही तसेच. हौदात, कुंड्यांच्या ताटल्यांत, पडून राहिलेल्या टायरांच्या झोपाळ्यांत डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. पण नळांच्या आत थांबलेल्या पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ उद्भवली. तिचे मूळ शोधताना लेजिओनेला नावाचा जंतू सापडला. तो २५ ते ४५ अंश सेल्सिअस तपमानाच्या, हालचाल नसलेल्या पाण्यात वाढतो, आणि फवारे, कारंजी, तुषारसिंचनाच्या तोट्या यांतून उडणाऱ्या बारीक थेंबांबरोबर फुप्फुसात शिरतो. आपल्याकडील वळवाच्या दिवसांतले नळ याच तपमानाचे असतात. म्हणून बंद बागेतील कारंजे चावी फिरवून एकदम उडवू नये. प्रथम हौद रिकामा करून घासावा, क्लोरीनच्या पाण्याने धुवावा, आणि तोट्या काढून नळ्यांतील पाणी जमिनीलगत, तुषार न उडविता, वाहू द्यावे. हे काम करणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

तलावाचे पंपघर

सर्वांत अधिक जपावयाचे ते तरणतलावाच्या पंपघरात. तेथे वीज, पाणी व क्लोरीन ही तिन्ही एका छोट्या खोलीत नांदतात. पावसाळा उलटलेल्या मोटारीत ओल शिरलेली असते. ती सुरू करण्यापूर्वी जाणत्या तारतंत्र्याकडून वेटोळ्यांचे रोधन व भूयोजन तपासून घ्यावे.

गाळणीच्या खालचे तळटाके किंवा झाकणबंद गटार यांत कोणालाही उतरू देऊ नये. जुन्या पेवात उतरलेला माणूस परत येत नाही, आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही तेथेच राहतो, ही गोष्ट सोलापूर-मराठवाड्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. बंद टाक्याचे तंत्र तेच. कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू सरतो व विषारी वायू तळाशी बसतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी परीक्षा येथे पुरेशी नाही, कारण ज्वालाग्राही वायू असल्यास तोच कंदील भडका उडवितो. झाकणे आदल्या दिवशीच उघडावीत, पंख्याने हवा खेळवावी, वायुमापकाने तपासणी व्हावी आणि वर दोरी धरून माणूस उभा असावा. एवढी सोय नसेल तर गाळ यंत्राने बाहेरूनच उपसावा.

ब्लीचिंग पावडरीचा हिशेब पंपचालकास लिहून द्यावा. दोन लाख लिटर पाण्याच्या तलावात दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन मिसळावयाचा तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडरीत क्लोरीनचा अंश शेकडा ३३ असेल तर सुमारे ६०० ग्रॅम पावडर पुरते. तीच पावडर सहा महिने दमट खोलीत पडून राहून अंश शेकडा २० वर आला असेल, तर १ किलो लागते. शिवाय हिरवे पडलेले पाणी पहिला सारा क्लोरीन स्वतःच गिळते. त्यामुळे मात्रा अंदाजाने न टाकता मोजून पाहावी. पोहणाऱ्यांसाठी मुक्त क्लोरीन लिटरला निदान १ मिलिग्रॅम व सामू ७.२ ते ७.८ असावा. गावच्या जलसुरक्षकाची ओ. टी. चाचणी एकूण क्लोरीनचा पिवळा रंग दाखविते. मुक्त क्लोरीन वेगळा ओळखण्यास डी. पी. डी. चाचणी घ्यावी लागते. पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पाणी पावडरीवर ओतू नये. शौचकूप धुण्याचे आम्ल तिच्याजवळ ठेवू नये, कारण दोहोंच्या मिश्रणातून निघणारा क्लोरीन वायू हवेहून सुमारे अडीचपट जड असून खोलीच्या तळाशी साचतो. बागेसाठी आणलेला युरियाही त्या खोलीत नको, कारण त्याच्या संयोगानेही घातक संयुगे तयार होतात. माळ्याचे व पंपचालकाचे कोठार एकच असते, म्हणून हे विशेष सांगणे.

माणसामाणसांतील अंतर

रोगाचा बंदोबस्त ठरविताना जागेची यादी करण्याऐवजी कामांची यादी करावी. कोणता कामगार कोणाच्या किती जवळ, किती वेळ व कोणत्या छपराखाली येतो, एवढे प्रत्येक कामापुढे लिहिले की धोका कोठे आहे ते दिसू लागते. उघड्यावर गवत कापणाऱ्या माळ्याला धोका थोडा. तिकिटाच्या खिडकीमागे कोंदट खोपटात आठ तास बसणाऱ्या कारकुनाला पुष्कळ. त्याची खिडकी बंद करून त्याला झाडाखाली टेबल देणे हा मुखपट्टीहून मोठा उपाय ठरतो.

या बाबतीत आरंभी बरीच गफलत झाली. विषाणू वस्तूंच्या पृष्ठभागावरून पसरतो या समजुतीने बाके, कठडे व झोपाळे यांवर दिवसातून अनेकदा औषध फवारले गेले. काही ठिकाणी माणसांवरसुद्धा. माणसांवर फवारणी करू नये असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयास एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट सांगावे लागले. पुढे २०२१ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शाने लागण होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले, आणि हवेतून होणाऱ्या प्रसारास जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली. दरम्यान पाठीवर पंप घेऊन हायपोक्लोराइट उडविणाऱ्या मजुरांच्या वाट्यास डोळ्यांची आग व घशाची खवखव आली. तोच पैसा व तीच मेहनत खिडक्या पाडण्यात खर्ची पडती तर अधिक गुण येता.

व्यायामशाळेसाठी केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये दर माणशी ४ चौरस मीटर जागा ठरविली होती. १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद दालनात या मापाने २४ माणसे बसतात. त्यांत शिक्षक व झाडूवाला हेही धरावयाचे असतात, हे बहुतेक ठिकाणी विसरले जाते.

तालमीचा प्रश्न याहून अवघड. पुष्कळ जुन्या तालमींचे दार ठेंगणे, खिडक्या लहान, आणि आत तांबड्या मातीला तेल, ताक, हळद व लिंबू पाजलेले. कुस्ती म्हणजे अंगाला अंग. तेथे सहा फुटांचे अंतर सांगणे ही थट्टा होय. साथ भरात असता जोर, बैठका व मुद्गल एवढाच व्यायाम उघड्या पटांगणात ठेवावा, आणि ओसरू लागल्यावर ठरलेल्या दोघांचीच जोड आठवडाभर कायम राखावी, म्हणजे एक पहिलवान आजारी पडला तर साऱ्या तालमीस घरी बसावे लागत नाही. माती खणून उलटी करणारे पोरगे व वस्ताद यांची गणना कामगारांत करावी. वस्ताद बहुधा वयस्क असतो, आणि पासष्टीपुढील माणसांस हा रोग विशेष घातक ठरला होता.

तलावावरील जीवरक्षकाकडे गर्दी हटविण्याचे वा मुखपट्टी तपासण्याचे काम देऊ नये. त्याची दृष्टी पाण्यावरून हटली की बुडणाऱ्याला वाचविण्याची संधी निघून जाते. बुडालेल्यास श्वास देणे हा उपचाराचा गाभा असल्याने, तोंडाला तोंड न लावता हवा भरण्याची पिशवी त्याच्या खुर्चीपाशी हवी, आणि ती वापरण्याचा सराव तलाव उघडण्याआधी झालेला हवा.

रोजाचा प्रश्न

या सर्व आखणीचा कस एका ठिकाणी लागतो. सकाळी अंग तापलेले असता रोजंदारीवरची झाडूवाली काय करील? घरी राहिली तर रोज बुडतो, म्हणून ती तापाची गोळी घेऊन कामावर येते. फाटकावरील तपमापकही तिला अडवीत नाही, कारण गोळीने ताप तात्पुरता उतरलेला असतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आजारपणाच्या दिवसांचा रोज मिळेल असा ठराव पंचायतीने अगोदर करावा आणि तो फाटकावर वाचून दाखवावा. ठेकेदाराकडील मजुरांनाही तो लागू असावा, नाहीतर एकाच झाडाखाली जेवणाऱ्या दोन बायकांपैकी एक ताप सांगेल व दुसरी लपवील. कामगारांच्या दोन टोळ्या करून त्यांच्या पाळ्या व जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात, कारण काम करताना दूर राहिलेली माणसे भाकरी सोडताना एकत्र येतात.

प्रत्यक्ष उघडण्यापूर्वी काही दिवस लोकांवाचून सर्व व्यवहार चालवून पाहावा. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमजवळ, टाळेबंदीत थांबलेल्या एका कारखान्यातून स्टायरीनची वाफ सुटून दहाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, बंद उद्योग सुरू करताना पहिला आठवडा चाचणीचा समजावा, असे सुचविले. बाग व तलाव हे कारखान्याच्या मानाने लहान असले तरी बंद यंत्राचा स्वभाव सर्वत्र सारखाच असतो. या चाचणीत माळी, पंपचालक व झाडूवाली यांना बरोबर घेऊन मुख्याधिकारी वा ग्रामसेवक यांनी सारे आवार एकदा पायी फिरावे. कोणते दार आतून उघडत नाही, कोणत्या नळाला पाणी येत नाही, हे त्यांच्याइतके इतर कोणास माहीत नसते.

पुन्हा बंद करण्याची वेळ आली तर कोणी, कोणत्या आदेशावर आणि किती तासांत बंद करावयाचे, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे. बंद काळात एक माळी व एक पंपचालक आलटून-पालटून येत राहावेत. गवत आटोक्यात ठेवावे, नळांतील पाणी दर आठवड्यास बदलावे, तलावाच्या पाण्यात क्लोरीन कायम राखावा आणि मोटार दहा मिनिटे चालवून त्याची तारीख पंपघरातील वहीत टिपावी.