दीड वाजला! : एका घरगुती घड्याळाची कथा

‘किती वाजले?’ या प्रश्नाचे उत्तर घड्याळ आकड्यांत देते आणि माणूस शब्दांत देतो. टेबलावरचे घड्याळ ‘२:४५’ एवढेच दाखवून गप्प बसते. आपण मात्र ‘पावणेतीन वाजले’ असे म्हणतो. मग घड्याळालाच ‘पावणेतीन वाजले’ असे लिहायला शिकवले तर? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी या विचारामागे लागले आणि महिनाभर त्यातच गुंतून पडले. मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने तारा आणि दिवे घेऊन बसावे, याचे घरात सर्वांनाच नवल वाटले. परंतु या उद्योगातला खरा अवघड भाग तारांचा नव्हता, व्याकरणाचा होता. म्हणूनच तो या अंकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

निमित्त झाली आजी. काचबिंदूमुळे तिची दृष्टी मंदावली आहे. सकाळी आणि रात्री ठराविक वेळी तिला डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात. भिंतीवरचे काटे तिला दिसत नाहीत. रात्री जाग आली की वेळ कोणाला विचारावी, या संकोचाने ती नुसती पडून राहते. ठळक, उजळ अक्षरे मात्र तिला अजून वाचता येतात.

शब्दांत वेळ दाखविणारी घड्याळे जगात आहेत. जर्मनीतील बीगर्ट आणि फुंक यांनी २००९ साली आणलेले ‘क्लॉकटू’ हे त्यांतले प्रसिद्ध. त्याच्या चौकटीत ११० अक्षरे असतात आणि वेळेनुसार त्यांतली हवी ती उजळतात. मराठीसाठी हीच युक्ती वापरायची, तर पहिला प्रश्न असा की, एका घरात मावेल ते ‘अक्षर’ कोणते? रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो. आपण ‘व्वा’चे तुकडे करू शकत नाही, काना, मात्रा, जोडाक्षर यांसह ते एकच अक्षर. म्हणजे ‘सव्वा’ दोन घरांचा, ‘पावणे’ तीन घरांचा. असे मोजत गेले तेव्हा ७ उभे आणि ७ आडवे अशा ४९ घरांत सारे काही बसले. मांडणी अशी :

सव्वा – साडे – पावणे
पाऊण – दीड – एक
अडीच – दोन – तीन
अकरा – चार – पाच
सहा – सात – आठ
नऊ – दहा – बारा
वाजला – वाजले

पहिल्या चार ओळी पूर्ण भरतात. शेवटच्या तीन ओळींत प्रत्येकी एक घर उरते. त्या तीन घरांविषयी शेवटी सांगेन. शब्द दर पाव तासाने बदलतात. मधल्या मिनिटांसाठी खाली सात-सात दिव्यांच्या दोन ओळी ठेवल्या. ‘सव्वापाच वाजले’ आणि खाली चार ठिपके, म्हणजे पाच वाजून एकोणीस मिनिटे.

आता यंत्राकडे वळू. घड्याळाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एकाच चिपमध्ये सामावलेला छोटासा संगणक. मी वापरला तो आर्डुइनोच्या पट्टीवरचा. ही पट्टी २००५ साली इटलीतील इव्हरेआ या गावी एका डिझाइन शिकविणाऱ्या संस्थेत जन्मली. अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांनाही आपली यंत्रे बनवता यावीत, हाच तिचा हेतू. तिला नाव मिळाले गावातल्या एका बारवरून आणि त्या बारला आर्डुइन या अकराव्या शतकातील राजावरून. कलाशाखेच्या मुलीला हा वंशवृक्ष कळला तेव्हा पुष्कळ धीर आला!

दिव्यांसाठी एलईडीची तयार पट्टी मिळते. मीटरला ३० दिवे असलेली पट्टी घेऊन तिचे सात-सात दिव्यांचे नऊ तुकडे केले. एकूण दिवे ६३. यातल्या प्रत्येक दिव्यात एक बारीक चिप असते. मेंदूकडून येणाऱ्या संदेशातला पहिला भाग ती स्वतःसाठी ठेवते आणि उरलेला पुढच्या दिव्याकडे धाडते. पंगतीत वाढप्याचे ताट हातोहात पुढे सरकावे तसे. त्यामुळे ६३ दिव्यांना संदेशाची एकच तार पुरते. मात्र या संदेशाला दिशा असते आणि पट्टीवर बाण छापलेले असतात. मी तुकडे नागमोडी जोडले, म्हणून एकाआड एक ओळ उजवीकडून डावीकडे जाते, हे प्रोग्रॅम लिहिताना विसरले. परिणामी पहिल्या दिवशी निम्म्या ओळींत भलतीच अक्षरे उजळली आणि कोणत्या बोलीत वेळ सांगितली जात आहे, हे कोणालाच कळेना. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो. एका वेळी जास्तीत जास्त २३ दिवे लागतात, म्हणून मोबाइलचा दोन अँपिअरचा साधा चार्जर पुरतो.

दर्शनी भागासाठी आधी काळ्या पुठ्ठ्यात अक्षरे कोरून पाहिली. ‘व’च्या पोटातला गोल तुकडा पहिल्याच फटक्याला गळून पडला. अखेर गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम चिकटवून देणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने दुधी ॲक्रिलिकवर काळा चिकट कागद लावून अक्षरे कापून दिली. कागद खाली चिकटलेला असल्याने ‘व’चे पोट जागच्या जागी राहिले. मागे प्रत्येक अक्षराभोवती पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या, नाहीतर शेजारच्या घरातला उजेड झिरपतो.

घड्याळ चालू झाले आणि आठवड्यात पंधरा मिनिटे मागे पडले. मेंदूची स्वतःची लय दिवसातले सेकंद मोजण्याइतकी काटेकोर नव्हती. आजीने मात्र त्या उजळ शब्दांवर विश्वास ठेवून औषधाला पाव तास उशीर केला. बिघडले काही नाही. पण मला फार लागले. लिहिलेले वाक्य माणूस सहसा तपासून पाहत नाही, म्हणून ते लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी. मग वेळ राखणारी वेगळी चिप जोडली. तिच्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. तोच एक सेकंद. ही चिप तपमान पाहून स्फटिकाची चूक सुधारते, त्यामुळे वर्षाला फार तर एखाद्या मिनिटाचा फरक पडतो. वीज गेली तरी बटणासारखा एक सेल तिला जागे ठेवतो.

आता व्याकरण. प्रोग्रॅममध्ये मी सोपा नियम घातला होता : पंधरा मिनिटांना ‘सव्वा’, तिसांना ‘साडे’ आणि पंचेचाळिसांना ‘पावणे’ व पुढचा तास. त्या दुपारी घड्याळाने ‘साडेएक वाजले’ असे जाहीर केले आणि आजी पोट धरून हसली. “अगं, दीड वाजला म्हणावं!” दीड, अडीच, पाऊण हे शब्द मी पाटीवर घातले होते, पण ते केव्हा येतात हे यंत्राला सांगितलेच नव्हते. आणि तिच्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ‘वाजला’. मी कागद घेऊन बसले आणि आजीला अर्ध्या दिवसातल्या ४८ वेळा विचारल्या. पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. पण पावणेदोन वाजले! एकवचन फक्त चार ठिकाणी, उरलेल्या ४४ ठिकाणी अनेकवचन. ‘दीड रुपया’ पण ‘पावणेदोन रुपये’ असेच आपण म्हणतो. हा नियम मी आयुष्यभर न चुकता पाळत आले होते आणि तो मला ठाऊक नव्हता. यंत्राला समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा तो प्रथम दिसला.

पुढे शब्दांची मुळे पाहिली. ‘साडे’ म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. ‘सव्वा’ म्हणजे सपाद. ‘पावणे’ म्हणजे पादोन, पावाने उणे. ‘अडीच’ मात्र अर्धतृतीयपासून आला : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. गंमत अशी की जर्मन माणूसही अडीच वाजता ‘हाल्ब द्राय’, म्हणजे ‘अर्धे तीन’ म्हणतो. याच घराण्यातला आपला ‘औट’, अर्धचतुर्थ, साडेतीन. तो आता बोलण्यातून जवळजवळ गेला. पूर्वी शाळेत त्याचा पाढा होता.

उरलेल्या तीन घरांत मी तेच घातले : औ, ट, की. ती अक्षरे कधीच उजळत नाहीत. दिवसा तेवढी काळ्या पाटीवर फिकट दिसतात. आजीने ती बोटाने चाचपून वाचली आणि साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असा पाढा सुरू केला. मध्येच अडली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. मी तो लिहून घेतला आहे.

आता रात्री मला अभ्यासाला उशीर झाला की आतल्या खोलीतून तिचाच आवाज येतो, “पाऊण वाजला गं, झोप आता!”